इंजिनाच्या अंगावरची काजळी

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुले मातीचे बैल करतात. शिंगांना हिंगूळ लावतात, पाठीवर चुन्याचे ठिपके काढतात, गळ्यात मण्यांची माळ घालतात. पण जुवाखाली वर्षानुवर्षे राबून बैलाच्या मानेवर जो घट्टा पडतो, तो घट्टा कोणी मूल आपल्या मातीच्या बैलाला करीत नाही. सणाचा बैल तो! त्याला घट्टा कशाला?

आज ज्या लोकांची हकिगत मी सांगणार आहे ते लोक नेमके हेच करतात. ते आगगाडीचे वीतभर लांबीचे इंजिन करतात. पितळेचा पत्रा कापून, कानशीने घासून, डाग देऊन, सहा सहा महिने खपून ते तयार करतात. त्याला रंग देतात, बारीक रेघा ओढतात, नंबर घालतात. इंजिन आरशासारखे चकाकू लागते. आणि मग एखाद्या संध्याकाळी, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, त्याच इंजिनावर ते काजळी चढवतात, गंजाचे ओघळ सोडतात, चाकांना तेलकट मळ फासतात. घरची माणसे म्हणत असतील, अहो, चांगले केलेले इंजिन बिघडवता कशाला?

प्रश्न रास्त आहे. वरवर पाहता हा हौशी लोकांचा वेडेपणाच वाटतो. पण त्यामागचा इतिहास पाहिला म्हणजे हे वेड चांगले शहाणे आहे, असे मला तरी वाटू लागते.

थोडे मागे जाऊ. लहान इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाची नक्कल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धाकटे आधी जन्मले आणि थोरले मागून! कॉर्नवॉल हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा खाणींचा मुलूख. तेथील रेडरूथ गावी विल्यम मर्डॉक या कारागिराने १७८४ साली वाफेवर चालणारी तीन चाकांची छोटी गाडी केली. पाणी तापवायला स्पिरिटचा दिवा. एका रात्री त्याने ती गावाबाहेरच्या वाटेवर सोडली. ती फुसफुसत त्याच्या पुढे पळाली आणि समोरून येणाऱ्या पाद्रीबोवांची, सैतानच आला असे वाटून गाळण उडाली, अशी गोष्ट तिकडे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, गाडी खरी आहे. ती बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात जपलेली आहे. त्याच मुलखातल्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने १७९७ च्या सुमारास असेच लहान नमुने करून पाहिले आणि मग १८०४ साली वेल्समध्ये रुळांवरून खरे इंजिन चालवून दाखवले.

पुढे खरी आगगाडी सगळीकडे धावू लागली आणि लहान इंजिनाचे काम बदलले. ते मुलांचे खेळणे झाले. इंग्लंडात पितळेची वाफेवर चालणारी खेळणी मिळत. ती जमिनीवरून जाताना मागे पाण्याची धार सांडत जात, म्हणून त्यांना लोक ‘लाळगळी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. जर्मनीत न्युरेंबर्ग शहरी पत्र्याची खेळणी करणारांची मोठी पेठ होती. मेर्क्लिन नावाच्या जर्मन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रूळ, इंजिन, डबे असा जोडत जाण्यासारखा संच मांडला आणि रुळांमधल्या अंतराची मापे ठरवून दिली. हे फार महत्त्वाचे झाले. आज इंजिन घ्यावे, पुढच्या दिवाळीला दोन डबे, त्यापुढे एक पूल. म्हणजे बाप जन्मभर गिऱ्हाईक! इंग्लंडात नॉर्थँप्टनचा बॅसेट-लोक हा तरुण १८९९ च्या सुमारास या धंद्यात पडला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने जर्मनांचे काम पाहिले आणि त्यांच्याकडून इंग्लिश तऱ्हेची इंजिने करवून घेतली. लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी हा मूळचा कारकून. भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचे त्याचे मेकॅनो हे खेळणे १९०१ साली निघाले. १९२० साली त्याच्या कंपनीने किल्लीच्या आगगाड्या बाजारात आणल्या आणि १९३८ साली, हॉर्नबी वारल्यावर दोन वर्षांनी, टेबलावर मावणारी विजेची छोटी गाडी आणली.

ही सगळी इंजिने झकास चकाकत. चकाकायलाच हवीत, दुकानाच्या काचेआडून ती मुलाच्या डोळ्यात भरायची होती.

पण ही मुले मोठी झाली. त्यांच्यातल्या काहींना आता खेळणे पुरेना. त्यांना प्रतिकृती हवी झाली. खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक काय? खेळण्याला आपण म्हणतो, हे इंजिनासारखे आहे. प्रतिकृतीला विचारतो, हे कोणते इंजिन? कोणत्या साली, कोणत्या शेडचे? हा प्रश्न आला की पाठोपाठ माप आले, आणि मापाबरोबर भांडणे आली.

शिक्षकमंडळींनी हे गणित वर्गात घालून पाहावे. इंग्लंडात जे माप फार चालते त्यात खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत ४ मिलिमीटर. म्हणजे सुमारे ७६ पटींनी लहान. तिथल्या रुळांतले खरे अंतर ४ फूट साडेआठ इंच. ४ ने गुणले की १८.८३ मिलिमीटर येते. पण बाजारात मिळणाऱ्या रुळांचे अंतर १६.५ मिलिमीटर! ते उलट हिशेबाने ४ फूट दीड इंच होते. सात इंच गेले कोठे? झाले असे की रूळ घेतले युरोपातल्या मापाचे, एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशेबाचे. पण इंग्लंडची इंजिने मुळात अंगाने बारीक. त्या मापाने केली तर त्या काळची विजेची मोटर त्यांच्या पोटात मावेना. तेव्हा इंजिनाचे अंग तेवढे ४ मिलिमीटरच्या मापाने वाढवले आणि पायाखालचे रूळ तसेच ठेवले. रुंद खांद्यांचा पैलवान पोराच्या खडावा घालून उभा राहावा, तसे ते समोरून दिसते. बहुतेकांनी ते चालवून घेतले. काहींना रात्री झोप येईना. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ आणि तशी बारीक चाके स्वतः करण्याची टूम काढली. आपल्याकडचा रुंद मार्ग साडेपाच फुटांचा. ४ मिलिमीटरच्या मापाने तो बरोबर २२ मिलिमीटर होतो.

आता इंजिन करायचे कसे ते थोडक्यात सांगतो. पण एका गोष्टीपाशी मात्र मी थांबणार आहे. पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रा घ्यावयाचा. त्यावर आखणी करून बारीक करवतीने कापायचा. खऱ्या इंजिनावर जिथे रिव्हेट असतात तिथे पत्र्याच्या मागून बोथट टोच्याने एकेक ठोका द्यायचा, म्हणजे पुढल्या बाजूला मोहरीपेक्षा लहान टेंगूळ उठते. एका पाण्याच्या टाकीवर असे शंभर ठोके सहज होतात, आणि नव्व्याण्णवावा वाकडा गेला की पत्रा फेकून पुन्हा आरंभ. मग तुकडे डागाने जोडायचे. मी स्वतः एकदा पत्र्याची साधी वाघीण करून पाहिली आहे. चौथी बाजू जोडायला गेलो तो त्या उष्णतेने पहिली बाजू सुटली! एक सांधा तापताना शेजारचा ओल्या चिंधीने थंड ठेवायचा असतो, हे मला नंतर कळले.

थांबायचे ते चाकांपाशी. इंजिनाची मोठी चाके दोन्ही बाजूंना दांड्यांनी एकमेकांस जोडलेली असतात, हे आपण पाहिलेले आहे. पण डाव्या बाजूचा दांडा आणि उजव्या बाजूचा दांडा एकाच वेळी वर जात नाहीत, एकाच वेळी खालीही येत नाहीत. एक बाजू दुसरीच्या पाव फेरीने पुढे असते. का? सायकलवर बसून पाहा. पायटा अगदी सरळ माथ्यावर असताना कितीही दाबला तरी चाक फिरत नाही. इंजिनाचेही तसेच. दट्ट्या एका टोकाला पोचला की त्या बाजूचा जोर मरतो. त्या क्षणी दुसऱ्या बाजूचा दांडा ऐन जोरात असला पाहिजे. म्हणून पाव फेरीचा फरक. वीतभर इंजिनातही हा काटकोन सगळ्या आसांवर सारखा साधावा लागतो. एक चाक केसभर चुकले की इंजिन लंगडते, अडकते, चालता चालता मुरका मारते. नवशिक्याचे पहिले इंजिन बहुधा इथेच फसते.

असे हे इंजिन उभे राहिले, रंगले. मग ते मळवायचे कशाला?

याचे उत्तर फोटोने दिले. कॅलिफोर्नियात माँटेरे गावी जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ राहात. ते फोटोग्राफर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी आपल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या, पूल उभे करून एक छोटी रेल्वे वसवली. नाव ठेवले ‘गोरी अँड डिफीटेड’; कानाला ते ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू यावे ही त्यात थट्टा. या रेल्वेवर डबे हलवायला इंजिनाऐवजी एमा नावाचा एक प्रागैतिहासिक सरडाही त्यांनी ठेवला होता! पण थट्टेखाली कसब मोठे होते. फोटोग्राफरच्या नजरेला चकाकी लगेच खुपते. वस्तू ७०-८० पटींनी लहान केली तरी तिच्यावर पडणारा प्रकाश काही लहान होत नाही. खोलीतला एक दिवा चकचकीत बॉयलरवर असा उमटतो की फोटोत खेळणे उघडे पडते. तेच अंग धुळीने, काजळीने मंद केले की डोळा फसतो आणि वीतभर वस्तू साठ फुटांची वाटू लागते. अ‍ॅलन यांचे फोटो मासिकांतून छापून येऊ लागले तशी ही विद्या पसरली. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि थोड्याच दिवसांत ते घर आगीत सापडून त्यांची जवळजवळ सगळी रेल्वे जळाली. राहिले ते फोटो.

मात्र काजळी म्हणजे मन मानेल तसे फासलेले काळे नव्हे. या कामातली खरी मजा अशी की प्रत्येक डागाला कारण असते, आणि कारण कळल्याशिवाय डाग बरोबर पडत नाही. वाफेच्या इंजिनाच्या धुराड्याखालचा पुढचा भाग आतून राखेने तापतो. तिथला रंग जळून करडा, तपकिरी होतो. धुराड्याच्या दाराला फट असली तर आत साचलेली राख धुमसत राहते आणि दाराचा खालचाच कडा भाजतो, वरचा नाही. पाणी क्षाराचे असले तर बॉयलरच्या बुचांखाली, वाफेच्या झडपांखाली चुन्यासारखे पांढरे ओघळ उठतात. ओतीव लोखंडाचे ब्रेक चाकांवर घासून त्यांचा जो भुगा उडतो तो गंजतो, म्हणून गाडीच्या पोटाखालचा सगळा भाग काळा नसून तांबूस तपकिरी असतो. आसांजवळ मात्र तेल सांडून तो पुन्हा काळा होतो. इंजिनावर चढायच्या पायरीवर जिथे बूट पडतो तेथे आणि हात धरायच्या दांडीवर जिथे मूठ बसते तेथे, लोखंड झिजून उजळ असते. कोळशाच्या लोखंडी वाघिणी वरून कमी आणि तळाशी जास्त गंजतात. ओल्या कोळशातल्या गंधकाचे आम्ल होऊन ते खाली झिरपते आणि कोपरे खाते.

हे सर्व उतरवण्याची साधने आपल्या परसात मिळतील अशी आहेत. अगदी पातळ केलेला रंग सगळीकडे द्यायचा आणि कापडाने वरून खाली पुसून काढायचा. वरून खालीच, कारण पाऊस आडवा पुसत नाही. फटींत आणि रिव्हेटांच्या मुळाशी राहील तेवढाच मळ. रंगीत खडूची पूड कुंचल्याने टेकवली की धूळ होते. गंजलेल्या पत्र्यावरचे पोपडे दाखवायला चक्क मीठ वापरतात! आधी गंजाचा रंग द्यायचा, ओल्या जागी मिठाचे दाणे चिकटवायचे, वर वाघिणीचा करडा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचे. जिथे दाणा होता तेथे गंज उघडा पडतो. शुद्ध काळा रंग मात्र जाणते लोक सहसा हाती धरीत नाहीत. लांबून पाहिलेले काळे इंजिन काळे नसतेच, करडे असते.

आणि आता खरा मुद्दा. मळ तारीख सांगतो. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची इंजिने हिरवी, धुराड्याला तांब्याची किनार. १९३० च्या दशकात त्यांच्या शेडमध्ये पोरे कामाला लागत ती इंजिने पुसायला. रॉकेल आणि तेलाचे बोळे घेऊन रात्रभर पुसायचे, मग काही वर्षांनी फायरमन व्हायचे, पुढे ड्रायव्हर. म्हणून त्या काळचे प्रवासी गाडीचे इंजिन खरोखर लखलखे. मग महायुद्ध आले, माणसे गेली. युद्धानंतर या मळकट, थोड्या पगाराच्या कामावर कोणी येईना. वाफेच्या अखेरच्या वर्षांत तर इंजिनाचा मूळ रंग कोणता हे खरवडून पाहावे अशी स्थिती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेवरची वाफेची रोजची वाहतूक संपली. तेव्हा १९३५ चे इंजिन काजळीने माखलेले दाखवणे जितके खोटे, तितकेच १९६७ चे इंजिन चकाकते दाखवणे खोटे. एकच इंजिन, एकच नंबर. पण अंगावरचा मळ पाहून जाणता माणूस दशक सांगतो.

लाकडी वाघिणींचेही असेच. युद्धाआधी इंग्लंडात कोळशाच्या खाणी आणि व्यापारी यांच्या स्वतःच्या हजारो वाघिणी असत. बाजूंवर मालकाचे नाव मोठ्या ठळक अक्षरांत. १९३९ साली त्या सरकारने एकत्र ताब्यात घेतल्या आणि १९४८ मध्ये रेल्वेबरोबर त्याही राष्ट्राच्या झाल्या. त्यांना पुन्हा रंग कोण देतो? नावे पावसात विरत गेली. फळी मोडली की नवी कोरी फळी ठोकायची, तिला रंग नाही, आणि नंबरापुरता काळा ठिगळासारखा चौकोन. ज्याला १९५० सालची मालगाडी करायची त्याने आधी वाघीण नवी करावी, तिच्यावर मालकाचे नाव सुरेख घालावे, मग ते अर्धे खोडावे, मग एक फळी बदलावी. दहा वर्षांचा इतिहास हाताने पुन्हा घडवायचा!

मळवण्याचाही एक मोह असतो. हात बसला की माणूस थांबत नाही. सगळ्या वाघिणी सारख्याच गंजलेल्या, सगळी घरे पडकी, सगळ्या पाट्या विटलेल्या. हे मला नव्या चकाकीइतकेच खोटे वाटते. कोणत्याही मालगाडीत चार वाघिणी परवाच कारखान्यातून आलेल्या असतातच. म्हणून या धंद्यातले जुने लोक सांगतात, समोर खरा फोटो ठेव, मनातून गंज काढू नकोस.

याची दुसरी बाजू दुरुस्तीची आहे, आणि ती अवघड आहे. पन्नास-शंभर वर्षांपूर्वीची खेळण्यातली इंजिने आज लोक जपतात. किल्लीच्या इंजिनाची स्प्रिंग तुटली, दाते झिजले, तेल वाळून गोंद झाले, तर उपाय आहे. पण १९३० च्या दशकात जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके आणि सांगाडे करू लागले, त्यांना एक रोग आहे. जस्तात शिशाचा अंश किंचित जास्त राहिला तर तो धातू आतल्या आत किडतो. आधी फुगतो, मग बारीक भेगा पडतात आणि शेवटी चाक बिस्किटासारखे बोटात चुरते. ओल आणि उष्णता असली की लवकर. याला औषध नाही. नवे चाक ओतून बसवणे एवढेच. नवे चाक बसवण्याला कोणाची हरकत नसते. भांडण होते ते रंगाचे. एखाद्याच्या आजोबांनी, ते मूल असताना, ज्या इंजिनाला टवके पाडले ते इंजिन पुन्हा रंगवून नवे करावे काय? बाजारी विचार करणारे म्हणतात, नको, किंमत कमी होते. माझा विचार किमतीचा नाही. यंत्र दुरुस्त करावे, चालते करावे, टवके ठेवावेत. हातांनी केलेला मळ खरा वाटावा म्हणून लोक महिनेन्‌महिने खपतात, आणि इथे तर तो एका मुलाने खेळून खेळून फुकट करून ठेवला आहे.

प्रतिकृती ही इतिहासाची साक्ष होऊ शकते हे ज्यांनी सर्वांत गंभीरपणे मानले ते रॉय इंग्लंड. नाव इंग्लंड, पण गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे. १९२५ साली ते ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येकडील खोऱ्यात आले आणि तेथील गवती छपरांच्या झोपड्या पाहून तिथेच रमले. पण त्यांच्या डोळ्यांदेखत छपरे उतरू लागली, भिंती पडू लागल्या. ते जाणारे थांबवणे एका माणसाच्या हाती नव्हते. त्यांनी १९३१ पासून मोजपट्टी आणि वही घेतली आणि झोपड्या मापून पुठ्ठ्याच्या, जलरंगांनी रंगवलेल्या प्रतिकृती करायला सुरुवात केली. विटेच्या रंगात फरक असेल तर तोही टिपून. त्याच मापाच्या रेल्वेगाड्या त्यांतून धावायच्या. १९५४ साली लाँग विटनहॅम गावातला एक जुना गुत्ता विकत घेऊन त्यांनी तिथे हे काम थाटले. तेच आजचे पेंडन संग्रहालय. अनेक हौशी माणसांनी तिथे वर्षानुवर्षे विनामोबदला काम केले. एक झोपडी करायला महिने, काहींना वर्षे लागली. इंग्लंड १९९५ साली वारले. काम चालू राहिले. जॉन अहर्न या लंडनच्या गृहस्थांनी युद्धापूर्वी आरंभलेली ‘मॅडर व्हॅली’ नावाची कल्पनेतली छोटी रेल्वेही, १९६१ मध्ये अहर्न गेल्यावर, तिथेच आश्रयाला आली. गाडीच्या भोवती गाव, नदी, बंदर, जुनाट घरे असली तरच गाडीला अर्थ, ही दृष्टी देणाऱ्या पहिल्या लोकांत अहर्न यांचे नाव घेतात.

इंग्लंडात अशा नाहीशा झालेल्या गोष्टींत मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातली एक अरुंद रेल्वे आहे. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. लांबी साधारण आठ मैल, इंजिने दोन, डबे पिवळे. सगळे मोडीत गेले. पण प्रतिकृती करणारांची ती लाडकी आहे आणि जुने फोटो जुळवून ते ती पुन्हा पुन्हा करतात. त्या इंजिनांच्या तोंडावर इंग्लंडात न शोभणारा एक भला मोठा दिवा दिसतो. तो तिथे कसा आला? या रेल्वेची इंजिने-डबे ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आणि हे नाव आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या ओळखीचे आहे. बार्शी लाईट रेल्वे त्यांचीच! कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ती १८९७ मध्ये सुरू झाली; तिचेही अंतर अडीच फूट, आणि तिचीही इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, पण जास्तीत जास्त माल न्यायचा, हा कॅलथ्रॉप यांचा हिशेब आधी बार्शीला सिद्ध झाला आणि मग मॅनिफोल्डच्या खोऱ्यात गेला.

ती बार्शी लाईट पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी वाढली. १९५४ साली सरकारने घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिचे अरुंद रूळ उचलले गेले आणि जागी साडेपाच फुटांचे आले. भारतात रुंद मार्गावरची वाफ १९९५ मध्येच संपली होती. पुण्यात कोथरूडला १९९८ साली उघडलेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात शाळकरी मुले चालत्या गाड्या पाहतात, ते पाहून त्यांच्यातले एखादे घरी जाऊन पुठ्ठा कापायला बसते, हे मला ठाऊक आहे. त्याने बार्शीचीच वाघीण करायला घ्यावी. माप सोपे आहे. अडीच फूट गुणिले चार, म्हणजे रुळांमध्ये बरोबर एक सेंटिमीटर. लांबी-रुंदी आराखड्यांत सापडेल, आकार फोटोत सापडेल. पण फोटो बहुतेक काळे-पांढरे. वाघिणीचा रंग उन्हाने कोणत्या वळणावर जाई, त्या भागाच्या पाण्याने बॉयलरवर पांढरे ओघळ उठत की नाही, उन्हाळ्यात चाकांवर बसणारी धूळ काळी की तांबडी, हे कोणत्या कागदावर आहे? कुर्डुवाडीच्या कारखान्यात आणि शेडमध्ये ज्यांनी ती इंजिने धुतली, त्यांतले काही जण आज म्हातारे होऊन आसपासच्या गावांत असतील. त्यांना इंजिनाचा नंबर आठवणार नाही कदाचित. पण कोणत्या बुचाखालचा डाग घासूनही निघत नसे, ते ते हात लावून दाखवतील.